वाचकांचे प्रश्न : चिकटवलेल्या सांध्यातील भेग आणि वाढतच जाणारा ताण

प्रश्न : आमच्या अंबड येथील कारखान्यात काचतंतू-इपॉक्सीची थरयुक्त पट्टी अॅल्युमिनियमवर चिकटवली जाते. सांध्याच्या टोकाशी बारीक भेग आढळल्याने मी फायनाइट एलिमेंट पद्धतीने (वस्तूचे लहान लहान तुकडे, म्हणजे एलिमेंट, कल्पून संगणकावर) विश्लेषण केले. परंतु मेश (या तुकड्यांची जाळी) जितकी बारीक करावी, तितका भेगेच्या टोकाशी ताण वाढतच जातो. कोणता आकडा ग्राह्य धरावा?
– एक अभियंता, नाशिक

उत्तर : त्यांपैकी एकही आकडा ग्राह्य धरू नये, आणि यात आपल्या गणिताचा दोषही नाही. रेषीय स्थितिस्थापक (बलाच्या प्रमाणात ताणला जाणाऱ्या आणि बल काढताच पूर्ववत होणाऱ्या) पदार्थातील भेगेच्या टोकाशी ताण हा टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, त्यामुळे नेमक्या टोकावर तो अनंत ठरतो. मेश बारीक करताना आपण त्या अनंताकडेच सरकत असता. दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवरील भेग आणखी अवघड असते. तेथे टोकालगत ताणाचे चिन्हच वारंवार पालटते, हे संशोधक विल्यम्स यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले.

म्हणून ताणाऐवजी ऊर्जा मोजावी. भेग थोडी पुढे सरकल्यास नव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे किती ऊर्जा मोकळी होते, हा भेगांचे अभ्यासक ग्रिफिथ यांच्या १९२१ च्या विचारातून आलेला निकष आहे, आणि एकूण ऊर्जेचा हा आकडा मेश बारीक केल्यावर स्थिरावतो. समजा, ३ मिलिमीटर जाडीच्या दोन सारख्या काचतंतू पट्ट्या एकमेकींवर चिकटवल्या आहेत, रुंदी २५ मिलिमीटर, भेग ५० मिलिमीटर आणि यंग गुणांक (पदार्थाच्या ताठरपणाचे माप) २० गिगापास्कल आहे. ५० न्यूटन बलाने त्या उघडल्यास साध्या तुळई-सूत्राने सुमारे २२२ जूल प्रति चौरस मीटर मिळतात. तेच बल कायम ठेवून भेग दुप्पट झाली, तर हा आकडा चौपट होतो. याची तुलना त्याच चिकटद्रव्याच्या, प्रयोगाने मोजलेल्या भंगरोधकतेशी (भेग पुढे सरकण्यास प्रति चौरस मीटर लागणाऱ्या ऊर्जेशी) करावी.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. भेग उघडणारा भाग आणि कातर (भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर सरकवणारा) भाग अशी ऊर्जेची विभागणी भिन्न पदार्थांच्या सीमेवर एलिमेंटच्या लांबीनुसार बदलते, म्हणून ती लांबी एकदा ठरवून सर्व तुलनांत तीच ठेवावी. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण चिकटवलेला सांधा कातर बल बऱ्यापैकी सोसतो, पण सोलणाऱ्या बलापुढे लवकर हार मानतो. एकावर एक ठेवलेल्या पट्ट्यांत बलाच्या रेषा जुळत नाहीत, त्यामुळे पट्ट्या वाकतात आणि टोके सोलली जातात. पट्टीचे टोक तासून निमुळते केल्यास हा ताण लक्षणीय कमी होतो.

सांधा उष्णतेने पक्का केला असेल, तर तो थंड होताना अॅल्युमिनियम अधिक आकसते आणि बाहेरून बल नसतानाही टोकाशी ताण उरतो. निफाडकडील कडाक्याच्या थंडीत तो आणखी वाढतो, म्हणून हे तापमान गणितात धरावेच.

यापूर्वी तुटलेला एखादा सांधा उघडून अवश्य पाहावा. अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग स्वच्छ, चिकटद्रव्याचा मागमूसही नसलेला दिसला, तर आधी पृष्ठभागाची साफसफाई व पूर्वतयारी सुधारावी; दोन्ही बाजूंना चिकटद्रव्य उरलेले असेल, तरच वरील गणित आपल्या उपयोगी पडेल.