भोपळ्याचा क्रीमी पास्ता करताना सॉस पातळ, गुळमट आणि मिळमिळीत होऊ नये म्हणून काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की शरद ऋतूतल्या रात्रीच्या जेवणासाठी चार माणसांच्या बेताने लाल भोपळा उकडला, मिक्सरमधून काढला, त्यात पाव लिटर क्रीम घातले, तरीही सॉस पास्त्याला धरला नाही, ताटलीत खाली पाणी सुटले आणि चव गोडसर, मिळमिळीत लागली. आता क्रीम आणखी वाढवावे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की क्रीम वाढवू नका, उलट निम्म्याहून कमी करा. या पदार्थाचा दाट, मऊ पोत मुळात क्रीममधून येत नाही. तो भोपळ्याच्या गरातून आणि पास्ता शिजवलेल्या पाण्यात उतरलेल्या स्टार्चमधून येतो, आणि ही दोन्ही कामे नीट झाली की क्रीम फक्त चव थोडी सौम्य करण्यापुरते लागते.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. भोपळ्याच्या वजनात सुमारे 90 टक्के पाणी असते. तो पाण्यात उकडला की हे पाणी कमी तर होत नाहीच, शिवाय भोपळ्याची थोडीफार चव उकडलेल्या पाण्याबरोबर मोरीत जाते. मिक्सरमधून फिरवलेला असा गर दाट दिसतो खरा, पण त्याच्या तंतूंनी ते पाणी जेमतेम धरून ठेवलेले असते, त्यामुळे गरम पास्त्यावर घातल्यावर ते सुटते आणि ताटलीच्या तळाशी जमते. क्रीम घालून हे पाणी बांधले जाईल असे वाटते, परंतु क्रीममध्येही निम्म्याहून अधिक पाणीच असते. म्हणून पाणी घालवायचे ते सुरुवातीलाच, भोपळा भाजून. भाजण्याचा दुसरा फायदा चवीचा आहे: फोडींच्या पृष्ठभागावरचे पाणी उडाल्याशिवाय त्यांच्या कडा 100 अंश सेल्सिअसच्या वर तापत नाहीत, आणि त्या तशा तापून तांबूस झाल्या की जो खमंगपणा येतो तो उकडलेल्या भोपळ्यात येणे शक्यच नसते.

भोपळा कोणता घ्यावा यालाही महत्त्व आहे. बटरनट हा सर्वांत भरवशाचा, कारण त्याचा गर घट्ट असतो आणि रेषा फार कमी असतात. काबोचा त्याहूनही कोरडा असतो, त्यामुळे त्याचा सॉस सैल करायला पास्त्याचे पाणी जास्त लागते, पण चव उत्तम येते. शोभेसाठी वाढवलेले मोठे नारिंगी भोपळे मात्र टाळा. त्यांचा गर पाणचट आणि रेषाळ असतो. आकाराच्या मानाने जड, देठ वाळलेला आणि नख रुतणार नाही इतकी साल टणक झालेला भोपळा पक्का समजावा. असा अख्खा भोपळा उतरवल्यानंतर काही आठवडे कोरड्या, हवेशीर जागी ठेवला तर त्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होत जाते आणि तो अधिक गोड होतो. म्हणून हंगामाच्या शेवटी तोच पदार्थ करताना लिंबू आणि मीठ थोडे वाढवावे लागते, आणि ठरलेल्या मापापेक्षा जिभेवर विश्वास ठेवावा लागतो.

चार माणसांसाठी साल आणि बिया काढलेला सुमारे 800 ग्रॅम भोपळा घ्या. त्याच्या तीन ते चार सेंटिमीटरच्या फोडी करा, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मीठ आणि मिरपूड चोळा आणि ट्रेमध्ये एकाच थरात, फोडीला फोड चिकटणार नाही अशा मांडा. ही मांडणी फार महत्त्वाची आहे, कारण फोडी दाटीवाटीने पडल्या की त्यांची वाफ त्यांच्यातच कोंडते आणि भाजण्याऐवजी त्या पुन्हा उकडल्याच जातात. ओव्हन 200 अंशांवर आधी तापवून त्यात 35 ते 40 मिनिटे भाजा, मध्यावर एकदा उलटा. लसणाच्या सात-आठ पाकळ्या साल न काढता थोडे तेल लावून शेवटच्या 20 मिनिटांसाठी त्याच ट्रेमध्ये ठेवा. सालीमुळे त्या जळत नाहीत आणि नंतर दाबल्यावर आतला मऊ, गोडसर लसूण सहज बाहेर येतो. फोडींच्या कडा तपकिरी झाल्या, काटा न अडता आरपार गेला आणि ट्रेच्या तळाशी पाणी दिसेनासे झाले की भोपळा तयार आहे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पसरट पातेल्यात लहान फोडी तेलावर मोठ्या आचेवर तांबूस होईपर्यंत परता, मग आच मंद करून झाकण ठेवून मऊ करा आणि शेवटी झाकण काढून उरलेले पाणी आटवा. वेळ जास्त जातो आणि लक्षही द्यावे लागते, पण फळ जवळजवळ तेच मिळते.

बिया टाकू नका. धुऊन, पुसून पूर्ण कोरड्या केल्या आणि मीठ लावून मंद आचेवर तव्यावर भाजल्या की त्या शेवटी वरून घालायला उपयोगी पडतात. हा पदार्थ पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत मऊच असतो, त्यामुळे दाताखाली काहीतरी कुरकुरीत येणे मला आवश्यकच वाटते. बियांऐवजी भरड कुटलेले अक्रोडही चालतात.

आता लोणी. 40 ग्रॅम लोणी फिकट रंगाच्या पॅनमध्ये मध्यम आचेवर वितळवा. काळ्या पॅनमध्ये रंग कळत नाही. आधी ते फसफसते, कारण त्यातले पाणी उडत असते. मग आवाज हळूहळू कमी होतो, फेस बारीक होतो आणि तळाशी बसलेले दुधाचे कण सोनेरी, मग तपकिरी होऊ लागतात. याच क्षणी सेज या सुगंधी वनस्पतीची दहा-बारा ताजी, पुसून कोरडी केलेली पाने त्यात सोडा. ती अर्ध्या मिनिटात आकसून कुरकुरीत होतात. ती काढून कागदावर ठेवा आणि आच लगेच बंद करा, कारण तपकिरी ते करपलेले हे अंतर काही सेकंदांचेच असते आणि करपलेल्या लोण्याचा कडवटपणा पुढे कशानेही झाकत नाही. सेज मिळाले नाही तर थाइम वापरा. भोपळ्याच्या गोडव्याला अशा किंचित कापरासारख्या, उग्र वासाच्या पानाची जोड लागते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. याच लोण्यात बारीक चिरलेला एक मध्यम कांदा चिमूटभर मीठ घालून अगदी मऊ होईपर्यंत, दहा मिनिटे तरी, परता.

पास्त्याचे पाणी हा सॉसचा अर्धा भाग आहे, म्हणून ते ओतून देण्याची वस्तू समजू नये. इटालियन स्वयंपाकातले रूढ प्रमाण 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ असे आहे. या पदार्थासाठी मी पाणी त्याहून कमी ठेवतो: 400 ग्रॅम पास्त्याला सुमारे अडीच ते तीन लिटर, म्हणजे तेवढाच स्टार्च कमी पाण्यात उतरून पाणी अधिक दाट होते. मात्र पाणी कमी असल्यामुळे पहिली दोन मिनिटे सतत ढवळावे लागते, नाहीतर पास्ता एकमेकांना चिकटतो. मीठही त्याच बेताने, 20 ते 25 ग्रॅम, घाला, कारण हेच पाणी पुढे सॉसमध्ये जाणार आहे. प्रकार निवडताना रिगाटोनी, पेने किंवा शिंपल्यांच्या आकाराचा पास्ता घ्यावा. पोकळीत आणि रेघांत सॉस बसतो, तर गुळगुळीत, लांब पास्त्यावर इतका दाट सॉस एकसारखा पसरत नाही आणि गोळा होऊन बसतो. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी, चावल्यावर मध्ये किंचित कणी लागत असताना, पास्ता उतरवा आणि त्याआधी दोन मोठे पेले पाणी न विसरता काढून ठेवा.

भाजलेला भोपळा, सोललेला लसूण आणि परतलेला कांदा मिक्सरमध्ये घेऊन पास्त्याच्या या पाण्याचे दोन-तीन डाव घालून गुळगुळीत होईपर्यंत फिरवा. गरम पदार्थ फिरवताना भांडे निम्मेच भरा आणि झाकणाची मधली टोपी काढून तिथे कापड धरा, कारण आत कोंडलेली वाफ झाकण उडवू शकते. फोडींपैकी मूठभर बाजूला काढून शेवटी अख्ख्या घातल्या तर खाताना भोपळा ओळखू येतो. सगळाच गर एकजीव केला की पदार्थ थोडा एकसुरी होतो, असे माझे मत आहे.

आता खरे काम. वाटलेला गर पसरट पॅनमध्ये मध्यम आचेवर घ्या, त्यात निथळलेला पास्ता आणि काढून ठेवलेल्या पास्त्याच्या पाण्यापैकी एक पेला पाणी घाला आणि दोन मिनिटे जोराने ढवळत, पॅन हलवत शिजू द्या. पास्ता आपली उरलेली दोन मिनिटे या सॉसमध्येच पूर्ण करतो, सॉस आत शोषतो आणि स्वतःचा स्टार्च बाहेर सोडतो. तो स्टार्च लोण्यातली चरबी आणि पाणी यांना एकमेकांपासून फुटू देत नाही, आणि सॉस चकचकीत होऊन मिळून येतो. डावाने पॅनच्या तळावर रेघ ओढून पाहा: रेघ क्षणभर दिसली आणि मग सावकाश बुजली तर दाटपणा योग्य आहे. रेघ तशीच राहिली तर आणखी पाणी घाला. पॅनमध्ये सॉस तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा सैलच ठेवावा, कारण ताटलीत वाढून टेबलावर पोहोचेपर्यंत तो आळतो.

आच बंद केल्यावर 80 ते 100 मिलिलिटर क्रीम घाला आणि मिनिटभर थांबून 60 ग्रॅम ताजे किसलेले पार्मेझान चीज थोडे थोडे मिसळा. उकळत्या सॉसमध्ये चीज घातले तर त्यातली प्रथिने आकसून तारा सुटतात आणि गुठळ्या होतात. पाकिटातले आधीच किसलेले चीज टाळावे, कारण ते चिकटू नये म्हणून त्यात बऱ्याचदा सेल्युलोजसारखी पूड मिसळलेली असते आणि सॉस रवाळ होतो. शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल इटालियन पार्मेझान, वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारे द्रव्य) वापरून केले जाते, त्यामुळे ते चालत नसेल तर वनस्पतिज किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे कडक चीज पाहून घ्यावे. क्रीम शक्यतो 30 टक्क्यांहून अधिक स्निग्धांशाचे असावे. कमी स्निग्धांशाचे क्रीम किंवा दूध गरम असताना त्यात लिंबू पडले की फाटण्याची शक्यता जास्त असते.

तुमच्या तक्रारीतला गुळमटपणा हा मात्र पोताचा प्रश्न नाही आणि त्यावर क्रीम हा तर अगदी उलटा उपाय आहे, कारण क्रीमने चव आणखी बोथट होते. भोपळ्याच्या गोडव्यासमोर खारट, आंबट आणि थोडे तिखट-कडवट काहीतरी उभे राहावे लागते. उत्तर इटलीतील मांतुआ शहराचे भोपळ्याचे तोर्तेली, म्हणजे सारण भरलेला पास्ता, प्रसिद्ध आहेत. त्यांच्या सारणात भोपळ्याबरोबर पार्मेझान आणि कडू बदामाच्या चवीची अमारेत्ती बिस्किटे असतात, आणि मोहरीच्या झणक्याने मुरवलेली फळे, म्हणजे मोस्तार्दा, घातलेली असते. गोड गराला इतक्या बाजूंनी आधार दिल्यामुळेच तो पदार्थ जेवणात शोभतो. आपल्या पास्त्यात हे काम चीजचा खारटपणा, भरपूर ताजी मिरपूड, चिमूटभर सुक्या मिरचीचे तुकडे आणि सर्वांत शेवटी एक-दोन चमचे लिंबाचा रस करतात. रस घालण्याआधी आणि नंतर एकेक घास चाखून पाहा. फरक लगेच कळतो. जायफळ दोन-तीनदाच किसावे. दालचिनी आणि लवंग मी पूर्णपणे टाळतो, कारण त्यांनी सॉसला गोड पक्वान्नाचा वास येतो.

जेवणाचा बेत ठरवताना भोपळा आदल्या दिवशी भाजून, वाटून फ्रिजमध्ये ठेवता येतो. मग ऐन वेळी लोणी, पास्ता आणि शेवटची जुळणी एवढेच, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे काम उरते. सोबत कडवट पानांचे, व्हिनेगर घातलेले सॅलड पुरते. ब्रेड आणि आणखी एखादा चीजचा पदार्थ ठेवला तर जेवण जड होते. दुग्धजन्य पदार्थ चालत नसतील तर लोण्याऐवजी ऑलिव्ह तेलात सेज तळा आणि क्रीमऐवजी भिजवलेले 50 ग्रॅम काजू भोपळ्याबरोबरच वाटा. चीज नसल्याने तेव्हा मीठ आणि लिंबू पुन्हा चाखून वाढवावे लागते.

नुसता वाटलेला गर, क्रीम आणि चीज न घालता, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगला राहतो. उरलेला पास्ता फ्रिजमध्ये तीन दिवसांपर्यंत ठेवता येईल, परंतु तो सगळा सॉस शोषून घट्ट होतो; म्हणून गरम करताना पाण्याचे दोन-तीन हबके मारून मंद आचेवर हलक्या हाताने सैल करा आणि खाली उतरवल्यावर लिंबाचे काही थेंब पुन्हा पिळा.