कोविडनंतर गेलेला वास आणि चव परत येते का?

चार महिने वास-चव नाही, आणि आता कांद्याच्या फोडणीला जळक्या रबराचा वास येतोय, म्हणजे आणखी बिघडलं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या बाबतीत तरी ती सुधारणेची सुरुवात होती.

एप्रिल 2021. अमळनेरजवळ आमचं गाव. ताप तीन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी सकाळी चुलीवरचं दूध उतू जाऊन करपलं आणि मी शेजारच्याच खाटेवर मोबाईल बघत पडलेलो. माय अंगणातून ओरडत आली, "तुले वास नही येस का रे?"

जीभ शाबूत होती, हे नंतर कळलं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्शात लागते ती भरीव चव) एवढंच समजतं. काळ्या मसाल्याचा खमंगपणा म्हणजे घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास. तिखट तर चवच नाही, ती आग आहे आणि तिची नस वेगळी. म्हणून शेवभाजी खाताना मला घाम फुटायचा, नाक गळायचं, पण ताटात काय आहे ते डोळे मिटून सांगता यायचं नाही.

ऑगस्टपासून तुमच्यासारखंच झालं. कांदा, लसूण, कॉफी, सगळ्याला गटारीचा वास. घरात फोडणी पडली की मी गोठ्यात जाऊन बसायचो. हा विषाणू मुख्यतः वासाच्या नसेला आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. नस हळूहळू सावरते, पण नव्या तारा आधी चुकीच्या ठिकाणी जोडल्या जात असाव्यात, म्हणून वास असा वाकडा येतो, असं मानतात.

डिसेंबरात शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचली. लसूण-मिरची घातलेलं भरीत माझ्याच्यानं गिळवेना, म्हणून नुसतं भाजलेलं वांगं मीठ लावून खाल्लं. साल काढताना बोटाला काळं चिकटलं होतं. सहज नाकाशी नेलं तर धुराचा वास! खरा, करपट. मी तेच बोट हुंगत बसलो, बाकीचे हसत होते. दहा मिनिटांत वास गेला. परत यायला पुढे दोन आठवडे लागले.

औषधापेक्षा मला सराव उपयोगी पडला. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, 12 आठवडे हुंगायला देऊन पाहिले होते. मी गुलाबजल, निलगिरीचं तेल, लिंबाची साल आणि लवंग घेतली. प्रत्येक वास वीसेक सेकंद, आणि हुंगताना तो पूर्वी कसा यायचा ते आठवायचं. कंटाळा येतो, खरं सांगतो. आठवडे वाढवावे लागले तरी सोडू नका. आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. डोक्याला मार लागला असेल किंवा एकाच नाकपुडीचा वास गेला असेल तर लगेच.

गॅसकडे मात्र लक्ष असू द्या. सिलिंडरच्या गॅसला तो घाण वास मुद्दाम घातलेला असतो, आणि नेमका तोच तुम्हाला येणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद करा. भाजी विटली का, ते घरच्यांना विचारा. चव लागत नाही म्हणून मीठ वाढवू नका. माझं बीपी त्यातच वाढलं.

आता कांदा, लसूण, कॉफी जाग्यावर आलेत. हिंग अजून नाही. माय अधूनमधून डबी नाकाखाली धरते, मी मान हलवतो, ती झाकण लावून ठेवून देते.