कोको नसेल तर आधी सोड्याकडे बघा

"केक फुगला छान, रंगही आला, पण तोंडात घातल्यावर साबणासारखी चव." तुमचं हे वाक्य वाचलं आणि सात वर्षांपूर्वीचं माझं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उभं राहिलं. तुम्ही लिहिलंय की वाळपईच्या दुकानात कोको पावडर मिळाली नाही, म्हणून तेवढंच भाजलेलं नाचणीचं पीठ आणि थोडी इन्स्टंट कॉफी घातली, बाकी सगळं रेसिपीबरहुकूम केलं. आता चवथीला (गणेश चतुर्थीला) भाचा येतोय, त्याला चॉकलेट केकच हवा आहे आणि घरात फक्त ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा आहे. तो चालेल का, असं विचारलंय.

केकात तो डबा घालू नका. का ते खाली सांगते. पण त्याआधी एक गोष्ट: मागचा केक नाचणीने बिघडला नाही, सोड्याने बिघडला.

चाळणं, फेटणं, ओव्हन आधी तापवणं यावर मी काही बोलत नाही, ते तुम्हाला येतंच. कोको काढला की आपण चव आणि रंग यांचाच विचार करतो. कोको मात्र आणखी दोन कामं गुपचूप करत असतो. एक, तो पाणी शोषतो, त्यामुळे मिश्रण दाट होतं. दुसरं, साधा कोको आंबट असतो, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली म्हणजे आंबट) साडेपाचच्या आसपास. बेकिंग सोड्याला असं काहीतरी आंबट लागतंच. ते मिळालं की बुडबुडे होतात आणि सोडा संपून जातो. नाही मिळालं तरी ओव्हनच्या उष्णतेने थोडा वायू सुटतो, म्हणून केक फुगलेला दिसतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं. धुण्याचा सोडा म्हणतात तो हाच. तुमच्या जिभेला साबण लागला तो अगदी बरोबर लागला.

हे मला कळायला फार दिवस लागले. मी तेव्हा म्हार्दोळला घरून केकच्या ऑर्डरी नुकत्याच घ्यायला लागले होते. शहरातल्या एका क्लासला चांगली फी भरून शिकले होते. नाव लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही. त्यांच्या छापील नोट्समध्ये एक ओळ होती: कोको उपलब्ध नसल्यास तेवढ्याच प्रमाणात दुसरी पावडर वापरावी. सोड्याबद्दल एक अक्षर नाही.

वाड्यावरच्या एका बाईंनी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला दोन किलोचा केक सांगितला. बाळाला घास भरवायचा म्हणून कोको नको, कॉफी नको, पण दिसायला चॉकलेटसारखा हवा. मी नाचणी खरपूस भाजली, माडाचा काळा गूळ घातला आणि सोडा नोट्समध्ये होता तेवढाच ठेवला. केक सुंदर झाला होता, वरून गडद तपकिरी, कापताना सुरी अलगद उतरली. आजीने बोटाच्या टोकावर कणभर घेऊन बाळाच्या ओठांना लावला. बाळाने तोंड वाकडं करून जीभ बाहेर काढली. मग आजीने स्वतः एक घास खाल्ला, उरलेला तुकडा कागदी रुमालात गुंडाळला आणि ताटलीच्या कडेला ठेवून दिला. मला काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला अजून आठवतं. पैसे मी परत केले, पण पुढच्या चवथीपर्यंत वाड्यावरून एकही ऑर्डर आली नाही.

क्लासला तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, ओव्हन तपासा. मी तो दुरुस्तीला नेला, वर थर्मामीटरही विकत आणला. दुसऱ्यांदा म्हणाले, नाचणी जुनी असेल. तिसऱ्यांदा सांगितलं, नोट्स बरोबर आहेत, इतर कुणाची तक्रार नाही. एका माणसानेही विचारलं नाही की बाई, सोडा किती घातलात. शिकवणाऱ्याने "मला बघायला हवं" एवढं तरी म्हणावं. शिकणारा आधीच सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसलेला असतो.

शेवटी मीच एका दुपारी एकच मिश्रण करून चार स्टीलच्या वाट्यांत ओतलं. एकीत नोट्सप्रमाणे सोडा, दुसरीत निम्मा, तिसरीत पाव प्रमाण आणि पाण्याऐवजी आंबट दही, चौथीत सोडा नाहीच, फक्त बेकिंग पावडर. पहिली वाटी साबण. दुसरीतही मागाहून जिभेवर तोच चरचरीतपणा. तिसरी आणि चौथी उत्तम. चारही वाट्यांत नाचणी तीच होती आणि ओव्हन तोच होता.

तेव्हापासून माझा हिशोब असा आहे: कोको काढला तर सोडाही काढायचा आणि एक कप मैद्याला सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर घालायची. सोडाच वापरायचा असेल तर पाव छोटा चमचा, सोबत अर्धा कप आंबट दही किंवा एक मोठा चमचा व्हिनेगर. आपलं माडाचं व्हिनेगरही चालतं, भाजल्यावर वास राहत नाही. मी काही फूड सायन्स शिकलेली नाही. हे माझ्या ओटीजीतलं, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमधलं, आणि माझ्या चमच्यांचं प्रमाण आहे, तुमच्याकडे थोडं इकडे-तिकडे होईल.

आता ड्रिंकिंग चॉकलेट. डबा फिरवून साहित्याची यादी वाचा. जे वजनाने सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे, आणि या डब्यांवर बहुतेक वेळा पहिला शब्द साखर असतो. म्हणजे अर्धा कप कोकोच्या जागी तुम्ही मुख्यतः साखर ओतणार. केक गोडमिट्ट होईल, मधे बसेल, रंगही फिका येईल. सेराडुराच्या (क्रीम आणि बिस्किटांच्या चुऱ्याच्या गोव्याकडच्या गोड पदार्थाच्या) थरांत किंवा दुधात तो डबा खुशाल वापरा, तिथली साखर कमी करा म्हणजे झालं.

भाच्याला खरंच चॉकलेटची चव हवी असेल तर डार्क चॉकलेट घ्या. जुना हिशोब आहे: तीन मोठे चमचे कोकोला साधारण 28 ग्रॅम बिनसाखरेचं चॉकलेट, आणि रेसिपीतलं लोणी किंवा तेल एक मोठा चमचा कमी. आपल्याकडे बिनसाखरेचं सहजी मिळत नाही, म्हणून मी गोड डार्क 45 ते 50 ग्रॅम घेते आणि दोन मोठे चमचे साखर कमी करते. कंपाउंडची वडीही चालते, पण त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं. टाळूला थोडा मेणचटपणा जाणवतो. वितळवताना वाफेचा एक थेंब पडला तरी चॉकलेट घट्ट होऊन गोळा होतं, आणि चवथीच्या दिवसांत आपल्याकडे हवाच ओली असते. भांडं कोरडं पुसून घ्या.

कुणी तुम्हाला सुट्टी काळीभोर पावडर "ही जास्त भारी" म्हणून दिली तर जरा थांबा. ती बहुधा अल्कली (आंबटपणा मारणारा क्षार) लावलेला कोको असते, डच म्हणतात तो. 19व्या शतकात हॉलंडमध्ये निघालेली ही रीत. चव सौम्य, रंग गडद, पण आंबटपणा गेलेला, पीएच सात किंवा वर. चव छानच असते, पण सोड्यावर चालणाऱ्या रेसिपीत ती जशीच्या तशी घातलीत तर पुन्हा तोच साबण. पाकिटावर अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर 501 किंवा 500 लिहिलंय का बघा, असेल तर तो अल्कली लावलेलाच. सुट्या पावडरीला पाकीटच नसतं, म्हणून मी सुटी घेत नाही. 2024 साली आयव्हरी कोस्ट आणि घानाकडचं पीक बुडालं, कोकोचा भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला. तेव्हापासून तर मी यादी वाचल्याशिवाय काहीच उचलत नाही.

नाचणी टाकून देऊ नका. ती रंग आणि खमंगपणा चांगला देते, विशेषतः माडाच्या गुळाबरोबर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो काळा, निमुळत्या ढेपांचा मिळतो. दोदोल (याच गुळाची गोव्याकडची मिठाई) खाल्लं असेल तर ती चव तुमच्या ओळखीची आहे. फक्त त्याला चॉकलेट केक म्हणून भाच्यासमोर ठेवू नका, मुलांना लगेच कळतं. आणि नाचणीत ग्लूटेन (केकाला धरून ठेवणारा मैद्यातला चिकटपणा) नाही, ती जास्त झाली की केक भुसभुशीत होऊन तुटतो. दीड कप मैद्याला पाव कपाच्या वर मी जात नाही.

पणसाच्या (फणसाच्या) बियांबद्दलही लिहायचा मोह होतोय. ब्राझीलमध्ये संशोधकांनी बिया आंबवून, वाळवून, भाजून पीठ केलं, त्याला चॉकलेटसारखा वास येतो, आणि कपुचिनोत निम्म्याहून जास्त कोको त्यांनी या पिठाने बदलून पाहिला. मी न आंबवता, नुसत्या वाळवून भाजून करून पाहिलं. वास भाजलेल्या शेंगदाण्यांकडे जाणारा आला, चॉकलेट नव्हे, पण केकात बरं लागलं. पुढच्या मे महिन्यात रसाळ पणसाच्या बिया फेकू नका, एवढंच सुचवते.

बाळाला किंवा घरात कुणाला डॉक्टरांनी कोको बंद केला असेल तर मात्र माझ्या शब्दावर जाऊ नका, त्यांनाच विचारा.

तुमच्यासाठी मला सोपा वाटतो तो मार्ग असा: कुणी फोंड्याला किंवा म्हापशाला जाणार असेल तर साध्या कोकोचं छोटं पाकीट आणायला सांगा. नाहीच जमलं तर डार्क चॉकलेट, सोडा शून्य, बेकिंग पावडर वर दिली तेवढी. आदल्या दिवशी एका वाटीत थोडंसं मिश्रण भाजून चाखा. आणि तुमच्या रेसिपीत दही आहे, दूध आहे की नुसतं पाणी, आणि मैदा किती कप, एवढं लिहा. ते कळलं की सोड्याचं नक्की प्रमाण मी आज रात्रीच लिहून देते.