यामामोटोचा डाव नेमका कुठे फसला?

प्रश्न दोन आहेत. अमेरिकेपुढे जपानचा टिकाव लागणार नाही हे माहीत असताना जपानी आरमाराचा सेनापती यामामोटो याने डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर या हवाईतल्या अमेरिकन नाविक तळावर हल्ल्याचा घाट का घातला? आणि विमानांच्या दोन लाटांनंतर तिसरी लाट पाठवून तिथल्या इंधनाच्या टाक्या जाळल्या असत्या तर निकाल बदलला असता का? दुसऱ्यावर नेहमीच भरपूर खल होतो, पण खरी गोम पहिल्यात आहे.

इसोरोकु यामामोटो हार्वर्डला शिकला होता, पुढे वॉशिंग्टनच्या वकिलातीत नौदल प्रतिनिधी होता. अमेरिकेचं तेल आणि कारखाने त्याने डोळ्यांनी पाहिले होते. जर्मनी-इटलीशी कराराला त्याचा इतका उघड विरोध होता की त्याला जिवे मारण्याच्या धमक्या येत. १९४० मध्ये पंतप्रधान कोनोए यांनी विचारलं तेव्हा त्याने स्वच्छ सांगितलं, की पहिले सहा महिने ते वर्षभर मी धुमाकूळ घालीन, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मला मुळीच खात्री नाही. जानेवारी १९४१ च्या एका पत्रात तो लिहितो, की अमेरिकेशी लढायचं तर थेट व्हाइट हाउसमध्ये जाऊन तह लिहून घ्यावा लागेल, आपल्या पुढाऱ्यांची तेवढी तयारी आहे का? जपानी प्रचारात शेवटचा प्रश्न गाळून हे वाक्य बढाई म्हणून छापलं गेलं. जाता जाता, ‘झोपलेल्या राक्षसाला जागं केलं’ हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य सिनेमातून पसरलं. तो तसं म्हणाल्याचा पुरावा नाही.

जपानी नौदलाची जुनी योजना वेगळी होती. अमेरिकन आरमाराला पॅसिफिक ओलांडून येऊ द्यायचं, वाटेत पाणबुड्या आणि रात्रीच्या टॉर्पेडो हल्ल्यांनी त्याचे लचके तोडायचे आणि शेवटी आपल्या पाण्यात एकच निर्णायक लढाई द्यायची. यामामोटोला हे पटत नव्हतं. शत्रू आपल्या सोयीने येईल कशावरून? शिवाय वाट पाहण्यात फायदा अमेरिकेचाच होता. जुलै १९४० च्या एकाच कायद्याने तिथे १८ विमानवाहू नौका आणि ७ युद्धनौका (बॅटलशिप) मंजूर झाल्या होत्या. १९४१ च्या उन्हाळ्यात तेलबंदी आली तेव्हा जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतूनच येत होतं. डच ईस्ट इंडीजचं (आजच्या इंडोनेशियाचं) तेल घ्यायला दक्षिणेत उतरायचं, तर हवाईतलं आरमार बगलेवर राहणार. म्हणून पहिल्याच दिवशी असा घाव घालायचा की आरमार तर लुळं पडेलच, पण अमेरिकन लोकांची लढायची उमेदही खचेल.

तयारीत मात्र त्याच्या माणसांनी कमाल केली. पर्ल हार्बरचं पाणी जेमतेम १२ मीटर खोल होतं. विमानातून टाकलेला टॉर्पेडो आधी खोल बुडतो, तो तिथे तळाच्या गाळात रुतला असता. त्यावर त्याच्या शेपटीला लाकडी पंख बसवले. पाण्यावर आपटताच ते तुटून पडत आणि टॉर्पेडो उथळच राहून पुढे जाई. वैमानिकांनी कागोशिमाच्या आखातात अगदी खालून उडत याचा सराव केला. वरिष्ठांचा विरोध मोडायला यामामोटोने राजीनाम्याची धमकीही दिली.

आता तिसऱ्या लाटेबद्दल. टाक्यांत सुमारे ४५ लाख बॅरल तेल होतं. ते जळलं असतं तर अमेरिकेचे काही महिने नक्कीच गेले असते. पण हल्ल्याच्या ताफ्याचा प्रमुख नागुमो याची बाजूही पाहा: अमेरिकन विमानवाहू नौका कुठे आहेत याचा पत्ता नाही, दुसऱ्या लाटेला पहिलीपेक्षा जास्त मार बसलेला, आणि परतणारी विमानं अंधारात उतरवायची. शिवाय उथळ बंदरात बुडालेली जहाजं वर काढता येतात. मार बसलेल्या ८ युद्धनौकांपैकी ६ पुन्हा कामाला लागल्या आणि त्यातल्या ५ ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीत जपान्यांविरुद्धच्या लढाईत हजर होत्या.

खरा घोटाळा उमेद खचवण्याच्या हिशेबात होता. वाटाघाटी संपल्याचं पत्र वॉशिंग्टनमध्ये हल्ला सुरू होऊन जवळजवळ तासाभराने पोचलं, २,४०३ माणसं मेली, आणि युद्ध नको म्हणणारी अमेरिका एका दिवसात एक झाली. कारखान्यांचा अंदाज यामामोटोने अचूक बांधला होता, माणसांचा साफ चुकला. आणि त्याच्या डावात तडजोडीशिवाय सुटकेची दुसरी वाटच नव्हती.

म्हणूनच मला पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरची जून १९४२ ची मोहीम त्याची सगळ्यात मोठी चूक वाटते. पर्ल हार्बरला ६ मोठ्या विमानवाहू नौका एकत्र होत्या. एप्रिल १९४२ मध्ये ५ नौकांनी कोलंबो-त्रिंकोमालीपर्यंत मजल मारली. तेव्हा आपल्याकडे विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावरही बॉम्ब पडले. जूनमध्ये मिडवेला मात्र चारच, कारण दोन कोरल समुद्राच्या लढाईनंतर बंदरात अडकल्या. काही ताफा उत्तरेला अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांकडे आणि स्वतः यामामोटो ‘यामातो’ या युद्धनौकेवर शेकडो मैल मागे. मे महिन्यात याच जहाजावर या मोहिमेची टेबलावर रंगीत तालीम म्हणून झालेल्या सराव-खेळात पंचाने नागुमोच्या नौकांवर ९ बॉम्ब लागल्याचा निकाल दिला. यामामोटोचा चीफ ऑफ स्टाफ उगाकीने ते ३ करून टाकले आणि बुडालेली विमानवाहू नौका ‘कागा’ पुढे खेळात परत आणली. हे जपानी अधिकाऱ्यांनीच नंतर लिहून ठेवलंय. अमेरिकनांनी तर सांकेतिक संदेश वाचून हल्ल्याची जागाच ओळखली होती. चारही नौका बुडाल्या, ‘कागा’सकट.

त्यानंतर दक्षिण पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर नेमकं ते रेंगाळणारं, झिजवणारं युद्ध सुरू झालं जे त्याला टाळायचं होतं. अनुभवी वैमानिक मरत गेले आणि त्यांच्या जागी तितकेच तयार वैमानिक देण्याची सोय जपानकडे नव्हती. १८ एप्रिल १९४३ ला, पुन्हा एक सांकेतिक संदेश फुटल्याने, बोगनव्हिल बेटावर यामामोटोचं विमान पाडलं गेलं.

पर्ल हार्बर सोडून फक्त डच तेलावर हात टाकला असता तर? मला तो मार्ग जपानसाठी कमी वाईट वाटतो, कारण दूरच्या डच वसाहतीसाठी मुलं लढायला पाठवा हे रूझवेल्टला काँग्रेसच्या गळी उतरवणं बरंच जड गेलं असतं.