पहिला लॅपटॉप घेताना रॅम, एसएसडी, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड हे पर्याय कसे निवडायचे? बजेट ६० हजार आहे.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कळव्याला राहता, कोपरखैरण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, घरातला पहिलाच लॅपटॉप आहे. एकाच मॉडेलसमोर ८ की १६ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), २५६ की ५१२ जीबी एसएसडी (फायली साठवायची जागा), आय५ की आय७ प्रोसेसर (मुख्य चिप) असे पर्याय बघून डोकं फिरलंय. दुकानदार म्हणतो आय७ घ्या, मामा म्हणतात ग्राफिक्स कार्ड (गेम-थ्रीडीसाठीची वेगळी चिप) हवंच.

मी ऐरोलीच्या एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. दिवसाला दोन-तीन लॅपटॉपची मागची झाकणं उघडतो. आतून पाहिलं की एवढंच दिसतं, काही गोष्टी स्क्रूने बसवलेल्या असतात आणि काही बोर्डावर सोल्डर केलेल्या, म्हणजे कायमच्या डाकलेल्या. स्क्रूवालं दोन वर्षांनी बदलता येतं, सोल्डरवालं लॅपटॉपबरोबरच जातं. म्हणून साठ हजारांतले आधीचे पैसे सोल्डरवाल्यावर घाला, बाकीचं नंतर बघता येईल.

मागच्या जूनमध्ये आमच्या अकाउंट्सच्या एक मॅडम मुलाचा लॅपटॉप कापडी पिशवीत घालून घेऊन आल्या. जेमतेम दोन वर्षांचा. म्हणाल्या, "दादा, एवढी रॅम वाढवून द्या ना, काय होतील ते पैसे देते." जेवणाच्या सुट्टीत उघडला. खाली दहा स्क्रू, त्यातले दोन रबरी पट्टीखाली लपवलेले. ते काढून जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने क्लिपा सोडवल्या. आत पंखा, बॅटरी, एसएसडी सगळं जागच्या जागी, आणि रॅमचे काळे चौकोन थेट बोर्डालाच चिकटलेले. स्लॉट नावाची गोष्टच नाही. "मॅडम, यात जागाच नाही हो." त्या बघतच राहिल्या. प्रोसेसर ठणठणीत, स्क्रीन चांगली, बॅटरी बरी, पण ८ जीबीत अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अॅप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि त्याचा एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) उघडला की माउससुद्धा अडखळत होता. त्याच मॉडेलचा १६ जीबीवाला चार हजारांनी महाग होता म्हणून सोडला होता. तेच दहा स्क्रू परत लावून दिला.

तेव्हा रॅम १६ जीबी, हे धरूनच चाला. विंडोज ११ सुरू झाल्या झाल्या तीन-चार जीबी खाऊन बसतं, ब्राउझरचे दहा टॅब आणि एखादं कोडिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की ८ संपलेच. शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनवरच्या चित्रांसाठी लागणारी मेमरीही याच रॅममधून जाते, म्हणून ८ चा आकडा प्रत्यक्षात आणखी कमी दिसतो. पूर्वी मी सांगायचो की ८ जीबी आणि एक रिकामा स्लॉट असलेला घ्या, नंतर स्वस्तात दुसरी पट्टी टाकू. ते आता सांगवत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भयंकर चढलेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळलाय. कारखान्यातून बसून आलेली रॅमच आता परवडते. अगदीच जमत नसेल तर ८ घ्या, पण मग स्लॉट रिकामा आहे याची खात्री करूनच.

ती खात्री दुकानात उभ्या उभ्या होते, सेल्समनला विचारायची गरज नाही. त्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. डेमोला ठेवलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. उजवीकडे खाली 'फॉर्म फॅक्टर' असं लिहिलेलं असतं. त्यापुढे 'एसओडिम' असेल तर रॅमची पट्टी स्लॉटमध्ये बसवलेली आहे, आणि वरच्या ओळीत दोनपैकी किती स्लॉट वापरलेत तेही कळतं. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर सोल्डर. ऑनलाइन बघत असाल तर माहितीत 'एलपीडीडीआर५' शोधा. एलपी लागलं की रॅम सोल्डरचीच समजा. साधं डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर स्लॉटची आशा आहे, पण काही लॅपटॉपमध्ये अर्धी सोल्डर आणि अर्धी स्लॉटमध्ये असाही संसार असतो.

आता प्रोसेसर. हाही सोल्डरच असतो, म्हणून इथे नीट बघायचं. दुकानदाराचं 'आय७ म्हणजे भारी' हे पूर्ण नाव वाचल्याशिवाय ऐकू नका. इंटेलच्या आय७-१३५५यू मध्ये मोठे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोन आणि छोटे आठ. आय५-१३४२०एच मध्ये मोठे चार, छोटे चार. दोन्ही १३व्या पिढीचे. शेवटचा यू म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी वाचवणारा, आणि एच म्हणजे जोरात पळणारा पण तापणारा. प्रोजेक्ट कंपाइल करताना (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवताना) तो आय५ त्या आय७ ला मागे टाकू शकतो. स्टिकरवर मात्र नुसतं सात आणि पाच दिसतं.

एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीत तर याहून गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात एका आकड्याचा फरक. पण त्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कुठल्या पिढीची ते सांगतो. ७५२० मध्ये झेन २ या जुन्या रचनेचे चार कोअर आहेत, म्हणजे २०१९ ची रचना २०२२ च्या डब्यात. ७५३० मध्ये झेन ३ चे सहा. वर ७५२० ला एलपीडीडीआर५ च लागते, म्हणजे रॅम सोल्डर. मॅडमच्या मुलाच्या लॅपटॉपात हाच प्रोसेसर होता. स्वस्तातल्या मॉडेलवर तो बऱ्याचदा दिसतो, त्यामुळे 'रायझन ५' एवढंच वाचून हुरळून जाऊ नका. तुमच्या कामाला १२व्या-१३व्या पिढीचा आय५ किंवा ७५३०यू च्या तोडीचा रायझन पुष्कळ झाला. आय७ साठी मागतात तो फरक रॅमवर घाला.

स्टोरेजवर फार वेळ घालवू नका. ५१२ जीबीची एनव्हीएमई (जलद प्रकारची) एसएसडी मिळाली तर उत्तम, आणि २५६ वर हजारो रुपये वाचत असतील तर २५६ घ्या. ती छोटीशी पट्टी एका स्क्रूवर बसलेली असते, पुढे मोठी टाकता येते. विंडोजमध्ये ५१२ ची ४७७ च दिसते म्हणून भांडायला जाऊ नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे, फसवणूक नाही. फक्त 'ईएमएमसी' लिहिलेलं काही घेऊ नका. ते स्टोरेज सोल्डरचं असतं आणि मंदही.

मामांच्या ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलायला मला थोडा जास्तच अधिकार आहे, कारण २०१३ साली मी नेमकं तेच केलं. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढलं होतं. ठाण्याला स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो, दुकानदार म्हणाला, "दोन जीबीचं ग्राफिक कार्ड आहे, मख्खन चालेल." त्याच पैशात कार्ड नसलेला ८ जीबी रॅमवाला समोर ठेवलेला होता. मी कार्डवाला उचलला, ४ जीबी रॅम आणि एक टीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून दात घासायला जायचो, परत आलो तरी गोल गोल फिरतच असायचं. कार्डाचा उपयोग दुसऱ्या वर्षी दोन महिने एका गेमसाठी झाला, तेवढाच. २०१८ ला पहिल्या पगारांतून हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि रॅम ८ केली, तेव्हा कुठे तो मख्खन चालला. अजून घरात आहे. विंडोज ११ त्यावर चढत नाही म्हणून लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिलीय, बाबा त्यावर भजनं ऐकतात.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत सी, जावा, पायथन, डेटाबेस यांतल्या कशालाच कार्ड लागत नाही. पुढे मशीन लर्निंग घेतलंत तर गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधून गूगलच्या सर्व्हरवर कोड चालवायची सोय) मर्यादित वेळ का होईना, फुकट जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, मिळतो. तुम्ही आर्किटेक्चरला असता, थ्रीडी रेंडरिंग करणार असता किंवा सरळ गेमच खेळायचे असते, तर वेगळं सांगितलं असतं. गेम खेळायचे असतील तर तेही लपवू नका, पण मग घरच्यांना तसं सांगून बजेट वाढवा. साठ हजारांत कार्डही हवं म्हटलं की कंपनी ते पैसे स्क्रीन, बॅटरी आणि बॉडीतून कापते.

शिवाय वजन. कार्डवाला लॅपटॉप बहुतेक वेळा दोन किलोच्या पुढे जातो, वर विटेएवढा चार्जर. तुम्ही सकाळी कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बर लोकल पकडणार, बॅग पोटावर घेऊन रबाळे-घणसोलीपर्यंत उभं राहणार, संध्याकाळी परत तेच. पावणेदोन किलोच्या आतला बघा. टाइप-सीने चार्ज होणारा असेल तर आणखी बरं, पण प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्ज करतोच असं नाही, नुसत्या डेटाचाही असतो, तेवढं विचारून घ्या.

स्क्रीनबद्दल कोणी विचारत नाही आणि चार वर्षं तिच्याकडेच बघायचं असतं. आयपीएस प्रकारची हवी, टीएन प्रकारची नको. टीएन असेल तर दुकानात उभं राहून वरून बघितलं तरी रंग बदललेले दिसतात, लगेच ओळखू येतं. माहितीत '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असेल तर रंग फिके, लाल विटकरीकडे झुकलेला. कोडिंगला चालतं, फोटो-डिझाइनला नाही. उजेड ३०० निट्स असला तर खिडकीपाशी बसूनही वाचता येतं, २५० ला डोळे बारीक करावे लागतात. आणि कीबोर्डला दिवा असेल तर चार-पाचशे रुपये जास्त गेले तरी घ्या. वन बीएचकेत रात्री बाकीचे झोपल्यावर ट्यूबलाइट न लावता काम करता येणं काय असतं ते सबमिशनच्या आठवड्यात कळेल. नंतर लावायचा म्हटलं तर अनेक मॉडेलमध्ये वरचं सगळं पॅनेलच बदलावं लागतं.

एक गोष्ट कुठल्याच रकान्यात लिहिलेली नसते, ती म्हणजे बिजागरी. माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त लॅपटॉपपैकी बरेच तिथेच मेलेले असतात. बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या पितळी नटांत बसतात, आणि रोज झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की ते नट प्लॅस्टिकसकट उपटून येतात. दुकानात झाकण एका कोपऱ्याने उघडून बघा. कुरकुरलं किंवा खालचा भाग वाकला तर पुढचं मॉडेल बघा. आणि घरी आणल्यावर मात्र मधोमध धरूनच उघडा.

बॅटरी स्क्रूवर असते, बदलता येते. तरी वॅट-अवरचा (बॅटरीत किती वीज साठते त्याचा) आकडा बघा. ४१-४२ म्हणजे कॉलेजात चार्जर न्यावा लागणार, ५० च्या वर असेल तर बहुतेक दिवस घरी ठेवता येईल.

कोणी रिफर्बिश्ड (वापरलेला, ठीकठाक करून परत विकलेला) सुचवला तर नाक मुरडू नका. आमच्यासारख्या ऑफिसांतले तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप फिरत फिरत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पोचतात, आणि बॉडी, बिजागरी, कीबोर्ड याबाबतीत ते नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दणकट असतात. फक्त इंटेल ८व्या पिढीचा किंवा त्यानंतरचाच घ्या. त्याआधीच्या प्रोसेसरना, एखादा अपवाद सोडला तर, विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही, आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. पण घरातला पहिलाच आहे आणि आसपास दुरुस्त करणारं कोणी नाही, तर मी वॉरंटीसाठी नवाच सुचवीन.

वॉरंटीच्या पर्यायांत साधी वॉरंटी एक वर्ष वाढवण्यापेक्षा अपघाती नुकसानीचं कव्हर घ्या, पैसे उरले तरच. साध्या वॉरंटीत पाणी गेलेलं किंवा पडून फुटलेलं येत नाही, आणि जुलैतल्या कळवा स्टेशनवर या दोन्हीची सोय आहे.

घेताना डबा समोर उघडायला लावा, टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा, मगच पैसे द्या. जीएसटीच्या बिलावर सिरियल नंबर छापून घ्या, तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा, आणि खोकं वर्षभर माळ्यावर ठेवा. आई भंगारवाल्याला देईल, तिला आधीच सांगून ठेवा.