वाणाचं मूळ शोधताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कॉर्नेलियन चेरीच्या वाणांची वंशावळ लावायला घेतलीस, छान झालं. पण तुझा तक्ता पाहिला आणि राहवलं नाही. तू नावांवरून मुळं ठरवली आहेस. ‘कझानलाक’ बल्गेरियाचा, ‘देवीन’ स्लोव्हाकियाचा, ‘विदुबेत्स्की’ कीव्हचा. चूक काही नाही. पण नावावरून फार तर ते झाड कुठून पुढे आलं एवढंच कळतं, त्याचे आईबाप कोण हे नाही.

हे झाड (नावातल्या चेरीशी त्याचं काही नातं नाही, ते कॉर्नस प्रजातीतलं) बाल्कन, तुर्कस्तान, क्रिमिया, कॉकेशस इथल्या रानातलं. गावोगावी ते बियांपासूनच वाढत आलं. परागासाठी बहुधा दुसरं झाड लागतं, म्हणून आपल्या रायवळ आंब्यासारखी इथेही आई माहीत, बाप नाही. एखाद्या झाडाचं फळ आवडलं की त्याची काडी आणायची, कलम बांधायचं, नाव द्यायचं. कीव्हच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात स्वित्लाना क्लिमेंको यांनी अनेक दशकं अशा निवडीचं काम केलं. बागेला लागूनच विदुबीची मठ आहे, ‘विदुबेत्स्की’ हे नाव त्यावरून.

आता खरी मेख. कलमाचा खुंटही (ज्यावर काडी बांधतात ते खालचं रोप) बहुतेक वेळा याच जातीच्या बियांचा असतो. वरची काडी मेली आणि खुंटाचे फुटवे वाढले, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पान तेच, पिवळी फुलं तीच, आणि खाली पाटी ‘एलेगांत्नी’ वाणाची. फळ लागेपर्यंत सगळे निर्धास्त! म्हणून आधी बुंध्याशी बस, माती बाजूला कर, कलमाचा जोड शोध. फांदी जोडाच्या खालून फुटली असेल तर तो नमुना बाद.

मग बिया. फळाचा आकार पाणी, ऊन, बहर यांनी बदलतो, बी त्या मानाने कमी बदलते. एका झाडाच्या वीस-तीस तरी घे, गर नीट काढून वाळव, लांबी-रुंदी मोज, टोकं बघ. ‘एलेगांत्नी’चं फळ बाटलीच्या घाटाचं आणि लवकर पिकणारं, ‘यांतार्नी’ पिवळं. रंगावर भिस्त ठेवू नकोस, पिवळी फळं इतर वाणांनाही येतात.

तक्त्यातल्या दोन ओळी मला एकाच झाडाच्या वाटतात. युक्रेनी आणि रशियन उच्चारांनी एकाच वाणाची दोन नावं होतात, रोपवाटिका वर आपलं तिसरं चिकटवतात. इथे मात्र डीएनए चाचणी कामाची. दोन झाडं एकाच काडीची आहेत का, हे ती बऱ्यापैकी खात्रीनं सांगते. आईबाप मात्र त्यांची झाडं तुझ्या नमुन्यांत असतील तरच सापडतील. त्यामुळे खर्च करण्याआधी काडी कुणी, कुठून, कुठल्या साली आणली, याच्या बागेतल्या नोंदवह्या चाळ. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मं मूळ तिथेच सापडतं.

बियांचे फोटो पाठव. शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नकोस.