जर्मनीतला एजंट आणि कराराचं चौदावं कलम

कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीच्या मालकांनी प्रश्न पाठवला आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी श्टुटगार्टजवळच्या एका गृहस्थाला कमिशन एजंट नेमलं. करार दोन पानांचा, देशातल्या डीलरांसाठी केलेल्या मसुद्यावरून उतरवलेला. पाच टक्के कमिशन, तीस दिवसांची नोटीस आणि कलम १४ : ‘या कराराला भारतीय कायदा लागू राहील व सर्व वाद कोल्हापूरच्या न्यायालयातच चालतील.’ एजंटनं तीन गिऱ्हाइकं मिळवून दिली. गेल्या वर्षी हॅनोव्हरच्या प्रदर्शनात मालकांची त्या तिघांशी थेट ओळख झाली. घरी आल्यावर त्यांनी एजंटला ईमेल धाडून करार संपवला. आता अकरा महिन्यांनी जर्मन वकिलाचं पत्र आलं आहे. मागण्या तीन : एका वर्षाच्या सरासरी कमिशनइतकी, म्हणजे सुमारे ३८ हजार युरो भरपाई, नोटीस अपुरी दिली म्हणून पाच महिन्यांचं कमिशन, आणि सहा वर्षांच्या सगळ्या विक्रीचा वहीखात्यातला उतारा. उत्तराला तीन आठवडे दिले होते, त्यातले दोन मला प्रश्न पाठवेपर्यंतच गेले.

मालक विचारतात, ‘कलम १४ असताना त्याला कोल्हापुरातच यावं लागेल ना? आता तर हायकोर्टाचं सर्किट बेंचही इथं आलंय. पत्राला उत्तरच दिलं नाही तर?’

भोसरी, इचलकरंजी, सांगली, सगळीकडून असे प्रश्न येतात. माल बदलतो, देश बदलतो, चौदावं कलम मात्र जणू एकाच कॉम्प्युटरवर टाइप केलेलं असतं.

आधी त्या कलमाचं बघू. भारतीय करार कायद्यात एजन्सी संपवताना वाजवी नोटीस द्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीआधी सबळ कारणाशिवाय संपवली तर भरपाई द्यावी लागते. एजंटनं गिऱ्हाईक जोडून दिलं, त्याचा फायदा तुम्हाला पुढे मिळत राहणार, म्हणून जाताना त्याला मोबदला द्या, असं आपला कायदा म्हणत नाही. युरोपचा म्हणतो. एजंटांबाबतच्या १९८६ च्या युरोपीय निर्देशानं प्रत्येक सदस्य देशाला ही सोय कायद्यात घालावी लागली. जर्मनीत ती व्यापार संहितेच्या कलम ८९ ब मध्ये आहे आणि हा हक्क आधीच्या करारानं काढून घेता येत नाही.

‘पण आम्ही भारतीय कायदा निवडला होता.’ हेच कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीनं म्हणून झालंय. तिचा एजंट ब्रिटनमधला होता, करार कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालचा. ९ नोव्हेंबर २००० रोजी युरोपीय न्यायालयानं इंगमार खटल्यात सांगितलं की एजंट युरोपात काम करत असेल, तर परका कायदा निवडून ही भरपाई टाळता येणार नाही. पुढे २०१२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं अमेरिकेतल्या एका राज्याचं न्यायालय नेमणारं कलमही याच कारणानं बाजूला सारलं. तुमचं कोल्हापूर त्याहून वेगळं ठरेल असं मला वाटत नाही.

कलम अगदीच वाया गेलं असंही नाही. इंगमारचा निकाल आहे तो भरपाईपुरता. नोटिशीच्या मुदतीबद्दल भारतीय कायदा लागू धरून घेता येण्याची शक्यता आहे. तसं झालं तर तुमचे तीस दिवस पुरतील आणि दुसरी मागणी पडेल. जर्मन कायदा धरला तर पाच वर्षांनंतर सहा महिन्यांची नोटीस लागते. समोरच्यांनी पाच महिने मागितलेत ते त्यामुळेच. हा मुद्दा जर्मन वकिलाकडून मांडून घ्या. माझी खात्री नाही, पण मांडण्यासारखा नक्की आहे.

आता खरी गोष्ट. तुमच्या चार पानी ईमेलमध्ये शेवटाकडे, सहज लिहिल्यासारखी एक ओळ आहे : ‘तसाही तो दोन वर्षांपासून कोइंबतूरच्या एका कंपनीचं कास्टिंग विकत होता, आम्हाला कळलं होतं, पण ऑर्डरी येत होत्या म्हणून बोललो नाही.’

तुमच्या बाजूनं एकच असा मुद्दा होता जो भरपाई कमी नव्हे, पूर्ण शून्य करू शकला असता, आणि तो या ओळीत आहे. एजंटच्या स्वतःच्या दोषामुळे, गंभीर कारणानं करार मोडला तर ८९ ब खाली त्याला काही मिळत नाही. आपल्याला न सांगता प्रतिस्पर्ध्याचा माल विकणं हे जर्मनीत अशा कारणांपैकी सगळ्यात ठळक कारण मानतात. पण ते कारण कळल्यावर थोड्या अवधीत वापरावं लागतं. साधारण दोन महिने गप्प बसलात तर तिथली न्यायालयं म्हणतात की ही गोष्ट तुम्हाला इतकी असह्य नव्हती. तुम्ही दोन वर्षं गप्प बसलात. आणि करार संपवताना काय लिहिलंत? ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार यापुढे आम्ही ग्राहकांना थेट सेवा देऊ.’ कोइंबतूरचा उल्लेख नाही, जुनं पत्र नाही, ताकीद नाही. वर तो ईमेल इतक्या सभ्य इंग्रजीत आहे की समोरचा वकील तो आनंदानं न्यायालयापुढे ठेवेल.

‘आता नवं पत्र पाठवून ते कारण घालू का?’ असंही विचारलं आहे. घालू नका. २०१० मध्ये व्होल्वोच्या एका जर्मन डीलरच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयानं ठरवलं की करार संपवल्यानंतर समजलेला दोष भरपाई नाकारायला चालत नाही. करार त्या दोषामुळेच संपलेला हवा. तुमची गोष्ट त्याहून अवघड आहे, कारण दोष आधीच माहीत होता आणि तरी करार दुसऱ्याच कारणानं संपवला. मागाहून लिहिलेलं पत्र कोणीही ओळखतं. निर्यातीच्या प्रत्येक कागदाला तारीख असावी याचा आग्रह धरणारी माणसं एजंटला एक ताकीद लिहायला दोन वर्षं का लावतात, हे मला अजून उमगलेलं नाही. ऑर्डरी येत होत्या, हे कारण मला पटतं. न्यायालयाला पटणार नाही.

मग गप्प बसून राहिलं तर? इथं तुम्हाला थोडा दिलासा आहे आणि त्याच दिलाशात खड्डाही आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली काही ठराविक देशांचे हुकूमनामे, म्हणजे तिथल्या न्यायालयांचे निकाल, इथल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्त करून वसूल होतात. ब्रिटन, सिंगापूर त्या यादीत आहेत, २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही आहे. (दुबईच्या समन्सला केराची टोपली दाखवणाऱ्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) जर्मनी त्या यादीत नाही. जर्मन हुकूमनामा घेऊन एजंटला इथं नवा दावा लावावा लागेल, तोही निकालापासून तीन वर्षांत, आणि त्यात आपल्याच संहितेच्या कलम १३ खालचे, परदेशी निकाल न मानण्याचे सगळे आक्षेप तुम्हाला मोकळे राहतील. निकाल एकतर्फी असेल, पुरावा न तपासता दिला असेल, तर तो गुणदोषांवर नाही असं म्हणता येईल. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये इंटरनॅशनल वुलन मिल्स प्रकरणात इंग्लंडचा असाच हुकूमनामा नाकारला होता. भारतीय कायदा लागू असताना तो मानला नाही, हाही आक्षेप कलम १३ मध्ये आहे. तुमच्या कराराच्या कलम १४ ला काही वजन आलंच तर ते इथं येईल. शिवाय भारतानं हेग करारात परदेशी समन्स थेट टपालानं पाठवायला हरकत नोंदवली आहे. समन्स केंद्र सरकारच्या कायदा मंत्रालयामार्फत यायला हवं. कुरियरनं आलेलं वकिलाचं पत्र म्हणजे समन्स नव्हे.

एवढं वाचून तुम्ही पत्र फायलीत टाकाल, म्हणून पुढचंही वाचा. तुमचा सत्तर टक्के निर्यात माल जर्मनीतच जातो, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे त्या तीन गिऱ्हाइकांकडे कुठल्याही दिवशी तुमचं काही ना काही येणं असतं. हे येणं जर्मनीतली मालमत्ता आहे. तिच्या आधारे तिथलं न्यायालय तुमच्यावर अधिकार सांगू शकतं आणि हुकूमनामा झाला की त्याच गिऱ्हाइकांना ‘कोल्हापूरला पैसे पाठवू नका, इकडे भरा’ असा जप्तीचा आदेश जाऊ शकतो. निकालाची वाट न पाहता आधीच जप्ती मागण्याचीही सोय तिथं आहे. हुकूमनामा परदेशात वसूल करावा लागणार आणि त्या देशाशी परस्पर मान्यतेची खात्री नाही, एवढं कारणही जर्मन प्रक्रिया संहिता त्यासाठी पुरेसं मानते. भारताला ते लागू होतं की नाही यावर वाद घालता येईल. पण तो वाद चालू असताना तुमचं गिऱ्हाईक पैसे थांबवून बसेल आणि पुढची ऑर्डर देताना दहा वेळा विचार करेल. ज्या तिघांना थेट माल देण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्यांच्याच हाती न्यायालयाचा कागद पडेल. एजंटच्या वकिलाला हे नक्की ठाऊक आहे. भरपाई करार संपल्यापासून वर्षाच्या आत मागावी लागते. त्यानं महिनाभर हातात ठेवून मागितली. तुमच्यापेक्षा त्याचं कॅलेंडर बरं आहे.

कोल्हापुरात आधी आपणच दावा लावावा का, हाही प्रश्न होता. लावता येईल. व्यावसायिक वाद म्हणून तातडीचा हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थीला जावं लागेल. मग समन्स जर्मनीला भाषांतरासह सरकारमार्फत जाईल, म्हणजे काही महिने गेले. एजंटला जर्मन दावा चालवायला मनाई करा असा हुकूम मागायचा तर सर्वोच्च न्यायालयानं मोदी एन्टरटेनमेंट प्रकरणात घातलेली पहिली अट आडवी येते : तो माणूस आपल्या न्यायालयाच्या कक्षेत हवा. ज्याचं भारतात काहीच नाही, त्याला इथल्या हुकमाची काय भीती? सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं याचा मला तुमच्याइतकाच आनंद आहे. निदान मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. पण तुमच्या दाव्यात एजंटची कैफियत दाखल होऊन मुद्दे निघेपर्यंत श्टुटगार्टकडचं न्यायालय निकाल देऊन मोकळं झालेलं असेल. तारखांच्या बाबतीत त्यांच्याशी स्पर्धा करण्याची आपली तयारी नाही.

म्हणून माझा सल्ला तडजोडीचा आहे, पण मागितलेल्या आकड्यावर नाही. एका वर्षाचं सरासरी कमिशन ही कायद्यानं घातलेली कमाल मर्यादा आहे, सुरुवातीचा भाव नव्हे. सरासरी शेवटच्या पाच वर्षांची धरतात. भरपाई नव्यानं आणलेल्या किंवा बराच वाढवलेल्या गिऱ्हाइकांपुरतीच, त्यांच्याकडून तुम्हाला पुढे फायदा राहणार असेल तेवढीच, आणि न्याय्य वाटेल इतकीच असते. तीनपैकी एक गिऱ्हाईक एजंटच्या आधीपासून तुमच्या ओळखीचं होतं, असं तुम्ही म्हणता. त्याची जुनी चौकशी, कोटेशन, नमुन्याचं चलन, काहीही सापडलं तर आजच बाजूला काढा. दुसऱ्यानं गेल्या दोन वर्षांत ऑर्डरी निम्म्यावर आणल्या असतील तर तेही आकडे काढा. कोइंबतूरची गोष्ट भरपाई पूर्ण बुडवणार नाही, पण ‘न्याय्य किती’ हे ठरवताना ती सांगता येते. तिची किंमत आता एवढीच उरली आहे. ती गोष्टही पुराव्यासह सांगायला हवी, कोणीतरी प्रदर्शनात बोललं होतं एवढ्यानं भागणार नाही.

वहीखात्याच्या उताऱ्याकडे मात्र गांभीर्यानं बघा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण प्रत्येक ऑर्डर, डिलिव्हरी, बिल, परत आलेला माल आणि त्याचं कारण असं सगळं त्यात मागतात. जर्मन एजंटांचे वकील तो मागतात तो बहुतेकदा दबावासाठी. तुमच्या लेखनिकाचे दोन महिने जातील आणि त्यात एखाद्या ऑर्डरीचं कमिशन राहून गेलेलं निघालं तर नवी मागणी उभी राहील. तडजोडीत ‘हिशेबाबाबत उभय पक्षांचं काही देणंघेणं नाही’ हे वाक्य घालून घ्या. त्यासाठी दोन हजार युरो जास्त गेले तरी चालतील.

या आठवड्यात तिथल्या एजन्सी कायद्याचं काम करणारा जर्मन वकील नेमा आणि त्याच्यामार्फत मुदत वाढवून मागा. ती साधारणपणे मिळते. तोवर एजंटला तुम्ही स्वतः एक अक्षर लिहू नका, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. ‘गिऱ्हाईक आमचंच होतं’ किंवा ‘थोडंफार देऊन टाकू’ यातलं कुठलंही वाक्य पुढे तुम्हाला वाचून दाखवलं जाईल. पैसे द्यायची वेळ आली की तुमची बँक तडजोडीचा सही झालेला करार मागेल, आणि ही रक्कम कमिशन की भरपाई यावर करकपातीचा प्रश्न निघेल. त्यामुळे करारातले शब्द ठरवण्याआधी मसुदा सीएंना दाखवा, नंतर नव्हे.

फ्रान्ससाठीही अशाच दोन पानांवर माणूस नेमायचा विचार आहे, असं शेवटी लिहिलं आहे. तिथं रूढ हिशेब साधारण दोन वर्षांच्या कमिशनचा आहे. तो मसुदा पाठवला नसेल तर थांबवा. करायचाच असेल तर नेमणुकीच्या दिवशी तुमच्याकडे आधीपासून असलेल्या गिऱ्हाइकांची यादी परिशिष्ट म्हणून जोडा, त्यावर त्याची सही घ्या आणि प्रतिस्पर्ध्याचा माल न विकण्याचं कलम वेगळं लिहा. आणि तो माल विकताना आढळला, तर ताकीद त्याच आठवड्यात लेखी जाऊ द्या, ऑर्डरी येत असल्या तरी.